तीन तलाव, दोन खिंडी आणि मधलं जंगल: लूप शेवटाकडून आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सपाटीवर सायकलनं शंभर किलोमीटर फारसा त्रास न होता होतात. आता डोंगरातले तीन तलाव, दोन खिंडी आणि मधलं जंगल जोडणारा एका दिवसाचा लूप करायचा आहे. अंतर ११२ किलोमीटर, एकूण चढ २४०० मीटर, ॲपनं दाखवलेला वेळ साडेसहा तास. सकाळी पायथ्याच्या मोठ्या तलावाच्या काठानं निघायचं, डांबरी घाटानं पहिली खिंड चढायची, पलीकडे मधला तलाव, दुपारी जंगलातला बावीस किलोमीटरचा कच्चा रस्ता, आणि शेवटी उंचावरचा छोटा तलाव गाठून दुसऱ्या खिंडीतून परत. सायकलला पुढे ३४ दात, मागे मोठ्यात मोठा गिअर ३२ दातांचा, टायर ३२ मिलिमीटरचे. जमेल का, आणि तयारी काय करावी?

जमेल. पण या क्रमानं नको, आणि साडेसहा तासांत तर नाहीच.

लूप कुठल्याही दिशेनं फिरलात तरी एकूण चढ तेवढाच राहतो, कारण जिथून निघालो तिथेच परत यायचं असतं. त्यामुळे बरेच जण दिशा म्हणजे आवडीनिवडीचा भाग समजतात. प्रत्यक्षात दिशा बदलली की सगळा दिवस बदलतो. तुमच्या आराखड्यात सगळ्यात तीव्र चढ, सगळ्यात उंच जागा आणि सगळ्यात कमी वस्ती, या तिन्ही गोष्टी शेवटच्या चाळीस किलोमीटरमध्ये येतात. त्या वेळी पाय संपलेले असतील, पाणी संपत आलेलं असेल आणि डोंगरात ढग भरून यायची वेळ झालेली असेल. म्हणून डोंगरातला लूप मी शेवटाकडून आखतो. शेवटचे तीस किलोमीटर कसे हवेत ते आधी ठरवायचं, त्याच्या आधीचा शेवटचा मोठा चढ कुठला ते मग, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी. शेवटच्या टप्प्यात मला डांबर हवं, उतार किंवा हलकी चढउतार हवी, आणि थकून थांबलोच तर गाडी सहज पोचेल असा रस्ता हवा. तुमच्या लूपमध्ये असा एकच तुकडा आहे, पायथ्याच्या तलावाचा काठ. तुम्ही तो सकाळी सगळ्यात ताजे असताना वापरून टाकताय.

तेव्हा लूप उलटा फिरवा. सकाळी थंडाव्यात उंचावरचा तलाव आणि दुसरी खिंड. मग जंगल, मग मधला तलाव, मग पहिली खिंड मागच्या बाजूनं, आणि तिथून डांबरी घाट उतरून मोठ्या तलावाच्या काठानं घरी.

वेळेचा हिशोब

ॲपचे साडेसहा तास विसरा. बरीच ॲप सरासरी वेगावर चालतात, आणि डोंगरात सरासरी वेग हा आकडाच फसवा आहे. तुम्हाला लागणारा आकडा म्हणजे तुम्ही तासाला किती मीटर उंची चढता. सराव असलेला हौशी सायकलस्वार एका चढावर तासाला ६०० ते ८०० मीटर चढतो. नवखा किंवा सामान लादलेला असेल तर ३०० ते ५००. स्वतःचा आकडा काढायला जवळचा एखादा लांब चढ घ्या आणि बोलता येईल इतक्याच दमानं तासभर चढा. वीस मिनिटं जीव तोडून काढलेला आकडा इथे कामाचा नाही, तो वेग तुम्ही दिवसभर टिकवणार नाही.

समजा तुमचा आकडा ६०० आला. २४०० मीटरचे झाले चार तास. सरासरी ७ टक्के चढ धरला तर या चार तासांत साधारण ३४ किलोमीटर कापून होतात. उताराचेही तेवढेच धरा. त्यातले २४ किलोमीटर डांबरी, ताशी ३० नं पाऊण तासाच्या थोडं वर. १० किलोमीटर कच्चे, ताशी १२ नं पन्नास मिनिटं. उरलेले ४४ किलोमीटर कमीजास्त सपाट, ताशी २० नं सव्वादोन तास. बेरीज आठ तासांच्या आसपास. जंगलातल्या कच्च्या चढावर तासाला ६०० मीटर निघणार नाहीत, ४५० निघाले तरी चांगलं, म्हणजे आणखी पंधरा-वीस मिनिटं. पाणी भरणं, खाणं, कपडे बदलणं, फोटो, एखादं पंक्चर यांचा दीड तास. एकूण साडेनऊ ते पावणेदहा.

एवढा उजेड हातात आहे का ते आधी बघा. पंचांगातला किंवा फोनवरचा सूर्यास्त सपाटीसाठी असतो. पश्चिमेला उंच धार असलेल्या दरीत ऊन त्याच्या तास-दीड तास आधीच जातं, आणि दाट झाडीखाली त्याहून लवकर अंधारतं. मी अशा दिवशी उजाडता उजाडता निघतो आणि दिवे दोन्ही लावतो, परतीचा हिशोब दुपारी चारचा असला तरी.

नकाशा काय सांगतो, काय लपवतो

२४०० मीटर हा आकडाही तपासून घ्या. उंचीची माहिती देणाऱ्या अनेक साधनांच्या मुळाशी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून अकरा दिवसांत केलेलं रडार सर्वेक्षण आहे. त्याची जाळी साधारण ३० मीटरची. मोकळ्या मैदानात हे पुरेसं आहे. पण उभ्या कड्याच्या पोटातून कोरलेला तलावकाठचा रस्ता घ्या. रस्ता जेमतेम सहा-सात मीटर रुंद, आणि ३० मीटरच्या चौकटीत वरचा कडा आणि खालचं पाणी दोन्ही येतात. मग नकाशातली रेघ दोन-चार मीटर इकडेतिकडे सरकली की उंचीचा आलेख करवतीसारखा दातेरी होतो आणि जो चढ जमिनीवर नाहीच तो बेरजेत शिरतो. बोगदा असेल तर ॲप तुम्हाला डोंगरावरून नेतं, पूल असेल तर दरीत उतरवून परत चढवतं. दाट जंगलात रडारची लहर बऱ्याचदा झाडांच्या शेंड्यांवरूनच परतते, त्यामुळे जंगलाची कड आली की आलेखात खोटी पायरी दिसते. त्यात प्रत्येक ॲप हा आलेख आपापल्या पद्धतीनं गुळगुळीत करतं, म्हणून एकाच लूपचे दोन ॲपवर दोन आकडे येतात.

उलट दिशेची चूकही होते. तलावाला वळसा घालणारा रस्ता नकाशावर सपाट वाटतो, कारण पाणी सपाट असतं. पण काठाला मिळणारा प्रत्येक ओढा जमीन कापत येतो. रस्ता त्या घळीत उतरतो, मोरी ओलांडतो आणि परत चढतो. पंधरा-वीस मीटरचा एकेक झोला. असे वीस झाले की तीन-चारशे मीटर झाले, आणि आलेख गुळगुळीत करताना हेच नेमके पुसले जातात. तुमच्या मोठ्या तलावाचा काठ शेवटी येणार असल्यामुळे तिथे किती ओढे मिळतात ते मोजून ठेवा. शेवटच्या तासात या झोल्यांनी पायात गोळे येतात, खिंडीनं नाही.

चढाची तीव्रता मात्र साध्या समोच्चरेषांवरून, म्हणजे नकाशावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, सगळ्यात चांगली कळते. पन्नास हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर, रेषांमधलं अंतर २० मीटरचं असेल तर, एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. रस्त्यानं एका सेंटिमीटरमध्ये ओलांडलेली प्रत्येक रेषा म्हणजे ४ टक्के. दोन रेषा ८ टक्के, तीन रेषा १२ टक्के. सरासरीवर विसंबू नका. आठ किलोमीटरला सरासरी ६ टक्के म्हणजे एकसारखा ६ टक्केही असेल, किंवा मधले दोन किलोमीटर सपाट आणि उरलेले सगळे ८ टक्केही. दुसरा प्रकार खूप जास्त थकवतो.

डोंगरी तलावांच्या बाबतीत हा दुसरा प्रकारच नेहमी भेटतो, आणि त्याला कारण आहे. हिमनदीनं कोरलेल्या दऱ्यांमध्ये तलाव पायऱ्यांवर बसलेले असतात: सपाट बाक, त्यात पाणी, मग उभा टप्पा, मग पुढचा बाक. सगळ्यात वरचा तलाव वाटीसारख्या खोलगट भागात असतो आणि वाटीच्या ओठावर चढायचा शेवटचा टप्पा खडा असतो. धरणाचा तलाव असेल तरी तेच. दरीतून आरामात वर येणारा रस्ता भिंतीच्या पायथ्याशी पोचतो आणि भिंतीची सगळी उंची दोन-तीन वळणांत वसूल करतो. म्हणजे तलाव जवळ आला की चढ सोपा होईल ही आशा ठेवू नका. शेवटच्या किलोमीटरसाठी हातचं राखून ठेवा.

तलावाला दोन टोकं असतात, तीही ओळखून घ्या. पाणी जिकडून येतं त्या टोकाला गाळ साचतो, जमीन दलदलीची असते, आणि नकाशावर ठिपक्यांनी दाखवलेली पायवाट पावसानंतर चिखलात नाहीशी झालेली असते. पाणी जिकडून बाहेर पडतं ते टोक टणक असतं. तिथे भिंत, पूल, वस्ती आणि दरीतून खाली जाणारा रस्ता असण्याची शक्यता जास्त. सुटकेची वाट शोधायची ती आधी या टोकाला.

जंगलातले बावीस किलोमीटर

तुमच्या आराखड्यातला मला खरोखर धोक्याचा वाटणारा तुकडा हा आहे. खिंडी दमवतील, पण खिंडीत तुम्ही चुकणार नाही.

लाकूडतोडीसाठी केलेल्या जंगलरस्त्यांचं जाळं नकाशावर फार मोहक दिसतं. त्यातले निम्मे रस्ते कुठेच जात नाहीत. ट्रक उभा करून ओंडके भरायच्या जागेपर्यंत जातात आणि संपतात. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर अशा वाटांना एक ते पाच प्रतवारी दिलेली असते: एक म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला, पाच म्हणजे मऊ माती, बहुतेक गवतच. ३२ मिलिमीटरच्या टायरवर एक आणि दोन ठीक. तीन कोरडा असेल तर चालेल. चार आणि पाच म्हणजे सायकल ढकलायची तयारी. प्रतवारी दिलेलीच नसेल तर तो रस्ता चार समजा. शिवाय उपग्रहचित्र उघडा आणि रेघेच्या पूर्ण लांबीवरून नजर फिरवा. झाडीनं रस्ता झाकला जातो तिथे खात्री करता येत नाही, तेवढेच तुकडे टिपून ठेवा आणि त्यांच्याबद्दल तिथून अलीकडे गेलेल्या कुणाला तरी विचारा. फाटक, हंगामी बंदी, वनखात्याची परवानगी या गोष्टी नकाशावर नसतात. निघायच्या आठवड्यात फोन करून विचाराव्या लागतात.

दाट झाडीखाली आणि अरुंद दरीत जीपीएसचा ठिपका भरकटतो. दोन वाटा वीस मीटरवर शेजारी शेजारी फुटत असतील तर आपण कुठल्या वाटेवर आहोत ते शंभर-दोनशे मीटर पुढे गेल्यावरच कळतं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या फाट्याचं अंतर आणि दिशा एका चिठ्ठीवर लिहून हँडलजवळ लावतो. "३८.४, ओढ्यानंतर डावीकडे, वर चढणारा." बॅटरी संपली तरी चिठ्ठी असते. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा हे वेगळं सांगायला नको. जंगलात नेटवर्क असेल असं धरून कुठलीच योजना करू नका.

लूप उलटा फिरवल्यानं इथे आणखी एक फायदा होतो. तुमच्या मूळ दिशेनं जंगलाच्या शेवटी चारशे मीटरचा सुट्या दगडांचा उतार आहे. तो आता चढ होईल. दगडगोट्यांवर चढताना पडलात तर गुडघा खरचटतो. उतरताना पडलात तर दिवस संपतो, कदाचित हंगामही. कच्चं चढावर आणि डांबर उतारावर, हा माझा जवळजवळ न मोडणारा नियम आहे. चढताना मागचं चाक घसरू लागलं तर सीटवरच बसून राहा, धड थोडं पुढे झुकवा. उभं राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरतं.

पहाटे आणि संध्याकाळी प्राणी रस्त्यावर येतात, म्हणून जंगल दिवसाच्या मध्यावर ठेवणं बरं. आंधळ्या वळणावर घंटी वाजवा, ती माणसांइतकीच प्राण्यांसाठीही आहे. आणि गवतातून ढकलत गेलात तर रात्री पाय, काखा, गुडघ्यांची मागची बाजू गोचिडांसाठी तपासा.

गिअर, टायर, ब्रेक

तुमचा ३४-३२ गिअर सपाटीच्या माणसाला हलका वाटतो. हिशोब करून बघा. तासाला ६०० मीटर चढणारा माणूस ८ टक्के चढावर ताशी साडेसात किलोमीटरनं जातो. या गिअरमध्ये त्या वेगाला मिनिटाला पेडलचे सुमारे ५५ फेरे पडतात. चालण्यासारखं आहे. १२ टक्क्यांवर वेग ताशी ५ होतो आणि पेडल ३६-३७ वर येतात. त्या गतीला प्रत्येक पेडल म्हणजे जिना चढणं, आणि गुडघे त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मागतात. पुढे ३० आणि मागे ४० केलंत तर त्याच चढावर ५२ पेडल पडतील. मागचा कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) मोठा करताना डीरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, तेवढं मोठं चक्र झेलतो का आणि चेन पुरते का ते मेकॅनिककडून बघून घ्या. खर्च करायचाच असेल तर हलक्या चाकांवर करण्याआधी इथे करा. कोपऱ्यात एक हलका गिअर शिल्लक आहे एवढी जाणीवही चढावर आधार देते.

फ्रेममध्ये जागा असेल तर टायर ३८ किंवा ४० चे घ्या. डांबरावर फार काही गमावणार नाही, जंगलात खूप कमवाल. हवा नेहमीपेक्षा कमी भरा, पण रिम दगडावर आपटेल इतकी कमी नको.

ब्रेककडे लोक सगळ्यात शेवटी बघतात. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा. ६०० मीटरचा उतार म्हणजे ५०० किलोज्यूल ऊर्जा, दीड लिटर गार पाणी उकळायला आणेल एवढी. त्यातली काही हवेच्या रोधात जाते, उरलेली ब्रेकमध्ये. भीतीपोटी सबंध घाट ब्रेक हलके दाबून मध्यम वेगानं उतरणारा माणूस ब्रेक सगळ्यात जास्त तापवतो. सरळ भागात ताठ बसून वारा अंगावर घ्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक घट्ट लावून वेग पाडा, आणि वळणात शिरताना सोडा. मधल्या काळात ते निवतात. रिम ब्रेक असतील तर लांब उतारावर मध्येच थांबायला लाजू नका, रिम तापून ट्यूब फुटण्याचे प्रकार होतात. डिस्क असेल तर निघण्याआधी पॅडची जाडी बघा. ओल्या, चिखलाच्या एकाच दिवसात पॅड झिजून पत्र्यापर्यंत येऊ शकतात, म्हणून एक जोडी सोबत.

हवा

उंची वाढते तसं हवामान बदलतं आणि ते ठरावीक पद्धतीनं बदलतं. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी २२ अंश असेल तर १२०० मीटर वर १४ च्या आसपास. चढताना हे सुखाचं वाटतं. वर पोचता तेव्हा कपडे घामानं भिजलेले, आणि पुढचा अर्धा तास तुम्ही पेडल न मारता ताशी चाळीसच्या वाऱ्यात बसून असता. बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही. वाऱ्याचं जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे भर उन्हाळ्यातही घ्या, आणि ते खिंडीतच चढवा, उतारावर थंडी वाजू लागल्यावर नव्हे.

दिवसा दरीतला वारा खालून वर वाहतो, रात्री वरून खाली. तलावाच्या काठी दुपारी वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो. तुमच्या नव्या दिशेनं दुपारी घाट उतरताना हा वारा समोरून येईल. वेळेत दहा-पंधरा मिनिटांची भर धरा. मात्र हा वारा उतारावर समोर आलेला मला चालतो, शेवटच्या चढावर नको.

गरम दिवसांत डोंगरावर ढग दुपारी भरतात. म्हणून उघड्या, झाडं नसलेल्या उंच जागा दुपारच्या आत मागे टाकायच्या, हे लूप उलटा करण्याचं सगळ्यात मोठं कारण. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. धार आणि खिंड सोडा, पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून लांब व्हा, एकसारख्या उंचीच्या झाडीत किंवा पक्क्या इमारतीत थांबा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

सावलीतल्या वळणांचं वेगळं सांगतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी पडतं. तिथे ओल, शेवाळ, कुजलेली पानं आणि थंड प्रदेशात सकाळचा बर्फाचा पातळ थर दुपारपर्यंत टिकतो. उन्हातून एकदम झाडीच्या अंधारात शिरताना डोळे सरावायला वेळ लागतो, त्याच क्षणी चाक ओल्या पानांवर असतं. नकाशावर असे तुकडे आधी खुणा करून ठेवता येतात.

तुमच्या खिंडी दीड हजार मीटरच्या वर असतील तर दमाचा हिशोबही बदलतो. तिथून पुढे दर शंभर मीटरला क्षमता साधारण एक टक्का घटते असं धरा. २५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊण राहतो. तिथे तुमचे तासाला ६०० मीटर ५४० होतील. जोर लावून ते भरून काढायला गेलात तर पुढच्या खिंडीत हिशोब चुकता करावा लागेल. डोकं दुखणं, मळमळ, चालताना तोल जाणं ही लक्षणं २५०० च्या वर गेल्यावर दिसली तर थांबून वाट बघू नका, खाली उतरा.

खाणं आणि पाणी

शरीरात साठवलेली साखर चारशे ते पाचशे ग्रॅमच्या घरात असते, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. तुमची २४०० मीटरची चढाई एकटीच जवळपास तेवढी खाते, आणि उरलेले ७८ किलोमीटर वेगळे. सकाळच्या न्याहारीवर हा लूप होत नाही. निघाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करा आणि दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, त्यावरून अंदाज येईल. चढाच्या मध्यावर खाल्लेलं पोटात बसून राहतं, म्हणून चढ सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि माथ्यावर पोचल्यावर खायचं. भूक लागायची वाट बघणारा माणूस जंगलात एकदम गळून जातो, आणि गळाल्यावर खाल्लेलं अंगी लागायला बराच वेळ जातो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. तीन तलाव आहेत म्हणून पाण्याची चिंता नाही, असं म्हणू नका. वाहत्या, स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्यातही जनावरांच्या विष्ठेतून आलेले जंतू असतात. उकळणं सगळ्यात खात्रीचं. फिल्टर जीवाणू अडवतो, पण साध्या फिल्टरमधून विषाणू सुटतात. क्लोरिनच्या गोळीला थंड पाण्यात जास्त वेळ द्यावा लागतो. आणि तलावाच्या कडेला हिरवट-निळसर तवंग दिसला तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. त्या शैवालाचं विष उकळल्यानं जात नाही.

परत फिरायच्या वेळा

लूपचा खरा धोका हा की अर्ध्यावर पोचलात की परत फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं. त्यामुळे निर्णय अर्ध्याच्या आधी घ्यायच्या जागा ठरवून ठेवाव्या लागतात. तुमच्या लूपवर मला तशा दोन दिसतात. पहिली, दुसऱ्या खिंडीखाली जंगलाच्या तोंडाशी. तिथे ठरलेल्या वेळेपेक्षा तासाहून जास्त उशीर झाला असेल, किंवा आदल्या रात्री जोरदार पाऊस पडून गेला असेल, तर जंगलात शिरायचं नाही. आल्या खिंडीनं परत. तीन तलावांपैकी एक तर झालेला असतो. दुसरी जागा मधला तलाव. त्याच्या पाणी बाहेर पडणाऱ्या टोकापासून दरीतून खाली मुख्य रस्त्याला लागणारी डांबरी वाट आहे का बघा. असेल तर पहिली खिंड पूर्ण टाळून खाली येता येतं. या दोन्ही जागांपुढे घड्याळातली वेळ लिहून ठेवा. त्या क्षणी मन सांगेल की वीस मिनिटांनी काय फरक पडतो, म्हणूनच वेळ घरी बसून, ताज्या डोक्यानं ठरवायची असते.

मोठ्या तलावाला वळसा कुठल्या अंगानं पडतो तेही बघा. वाहनं डावीकडून चालणाऱ्या देशात तलाव डाव्या हाताला ठेवलात तर तुम्ही पाण्याच्या बाजूच्या कडेनं जाता. डोंगराच्या बाजूला पडलेले दगड, खडी आणि झिरपणारं पाणी टळतं, थांबायला वाहनांचा रस्ता ओलांडावा लागत नाही. पण कठडा नसेल तर हीच बाजू उघडी असते. तुमच्या लूपमध्ये इतर कारणं जास्त जड आहेत, त्यामुळे याच्यासाठी दिशा बदलू नका.

निघण्याआधी तीन आठवड्यांत दोन गोष्टी करून बघा. एक, लागोपाठ दोन चढ असलेली साठेक किलोमीटरची राईड, १२००-१३०० मीटर चढाची, नेमक्या त्याच सामानासह. दुसऱ्या चढावर तासाची उंची पहिल्यापेक्षा पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त घसरली तर तुम्ही पहिला चढ जोरात घेताय. दोन, कच्च्या रस्त्यावरचा एक लांब उतार, तोही कमी हवेच्या टायरवर.

सामानात दोन ट्यूब, पंप, टायर फाटलाच तर आतून लावायचा तुकडा, चेन तोडायचं अवजार आणि जोडणीची कडी, आणि तुमच्याच फ्रेमला बसणारा डीरेलर हँगर, म्हणजे डीरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. शेवटची वस्तू दुकानात सहज मिळत नाही आणि जंगलात दगडावर सायकल आपटली की नेमकी तीच वाकते. प्रथमोपचाराची पिशवी, चमचमतं पातळ ब्लँकेट, शिट्टी. मदतीसाठी मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांनी येतं. घरच्या एका माणसाकडे रूटची फाइल, दोन्ही निर्णयाच्या जागा आणि एक वेळ देऊन ठेवा. त्या वेळेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्यानं कुणाला कळवायचं, तो नंबरही त्याच कागदावर लिहा.